आत्याच्या पिसवा मरत का नाहीत

माझी आत्या पिसवा पाळते. एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी जरा मागे सरकतो आणि मग नकळत मान खाजवतो. म्हणून लगेच पुढचं सांगावं लागतं, की बाबा रे, अंगावरच्या पिसवा नव्हेत, पाण्यातल्या. तिळाएवढा जीव, टुणटुण उड्या मारल्यासारखा पोहतो म्हणून नाव पिसू. चावत नाहीत, रक्त पीत नाहीत, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. शेवाळ खायचं, पोरी काढायच्या आणि एक दिवस माशाच्या पोटात जायचं. संपला संसार.

आमच्या तलावाच्या काठावर पाणी तपासायची लॅब आहे. लॅब म्हणजे काय, तर दोन खोल्या, एक कुरकुरणारा फ्रीज, एक मायक्रोस्कोप आणि खिडकीखालच्या फळीवर ओळीने मांडलेल्या बरण्या. त्या बरण्यांत आत्याच्या पिसवा. मला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून ती तिथे आहे. दर आठवड्याला धक्क्यापाशी जाऊन पाणी भरून आणायचं, काचेच्या पेल्यांत ओतायचं, ड्रॉपरने एकेक पिसू उचलून त्यात सोडायची आणि दोन दिवस बघत राहायचं. उड्या मारत राहिल्या तर पाणी ठीक. तळाला बसल्या तर पाण्यात काहीतरी आहे.

"त्याला मशीन नाही का गं?" मी लहानपणी विचारलं होतं.

"आहे की. पण मशीनला नाव घेऊन विचारावं लागतं, अमुक आहे का, तमुक आहे का. जे विचारलं नाही ते मशीन सांगत नाही. पिसूला काही विचारावं लागत नाही. तिला नुसतं जगायचं असतं."

दोन दिवस झाले की आत्या धक्क्यावर येऊन पाटी लावायची. पाटीची एक बाजू हिरवी, म्हणजे खुशाल पोहा. दुसरी लाल, म्हणजे पाण्यात उतरू नका. माझं होड्या दुरुस्तीचं शेड धक्क्याला लागूनच आहे, त्यामुळे ती पाटी दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर. हिरवी बाजू उन्हाने फिकी पडायची, पुन्हा पुन्हा रंगवावी लागायची. लाल बाजू मात्र नवी कोरी. तिला कधी ऊन लागलंच नाही.

त्या हिरव्या पाटीच्या भरवशावर माझी लेक वाढली. चालायच्या आधी पोहायला शिकली म्हटलं तरी चालेल. घरात सगळे तिला मासोळी म्हणतात. सकाळी शाळेच्या आधी पाण्यात, संध्याकाळी शाळेनंतर पाण्यात, जेवायला बोलवायचं तर धक्क्यावरून शिट्टी मारावी लागते. पोहण्याच्या संघात तिची निवड झाली तेव्हा आत्या इतकी फुगली होती, जणू काही तिनेच शर्यत जिंकली. आत्याने लग्न केलं नाही, राहते आमच्याकडेच, आणि सगळी माया या एका पोरीवर.

तलावाच्या पलीकडच्या काठाला नळ-तोट्यांना चकचकीत मुलामा देणारा कारखाना आहे. आत्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांनी सुरू झालेला. त्याचं पाणी गाळून, धुऊन, औषध घालून तलावात येतं, हे सगळ्यांना माहीत होतं. लॅब काढली ती त्याच्यासाठीच. तेव्हाच्या जुन्या साहेबांनी तलावातूनच एक बरणीभर पिसवा धरून आणल्या. म्हणाले, तलावाचा निवाडा तलावाच्याच पोरींनी करावा. किती रास्त वाटतं ना ऐकायला! मलाही वाटायचं.

या पिसवांची एक गंमत आहे. दिवस चांगले असले, खायला-प्यायला असलं, की त्यांना नर लागत नाही. आई एकटीच पोरी काढते, आणि पोरी हुबेहूब आई. त्यांच्या पोरीही तीच. जावई शोधायची कटकट नाही की रुसवेफुगवे नाहीत. "म्हणून तर आमचं जमतं," आत्या म्हणायची. जुन्या साहेबांनी आणलेली ती पहिली पिसू मरून युगं झाली, पण बरणीत अजून तीच नांदत होती.

मग शेजारच्या गावातल्या लॅबचा फोन आला. तिथली पिसवा सांभाळणारी बाई रडकुंडीला आली होती. हीटर अडकला, पाणी तापलं, सगळ्या पिसवा गेल्या. शेजारणीकडे विरजण मागावं तसं तिने आत्याकडे थोड्या पिसवा मागितल्या. आत्याने आनंदाने एक बरणी पाठवून दिली.

काही दिवसांनी त्याच बाईचा पुन्हा फोन. आत्याने तो किस्सा आम्हाला जेवताना सांगितला, अगदी रंगवून. "काय म्हणते माहीत आहे? म्हणे, ताई, तुमच्या पिसवा आहेत की कोण? आमच्या नाल्याच्या पाण्यात आमच्या पिसवा दुसरा दिवस बघायच्या नाहीत, तुमच्या तर खेळतायत!"

"शेवटी आत्याबाईंच्या पोरी त्या," माझी बायको म्हणाली. "हाडं दणकट असणारच."

सगळे हसलो. आत्याही हसली. आणि हसता हसता तिचा हात ताटावरच थांबला. घास हातात तसाच. मला वाटलं ठसका लागला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तिने बघितलाही नाही.

"नाला तर तोच आहे," ती म्हणाली.

"कुठला नाला?"

"अरे, नाला तोच, घाण तीच. त्यांच्या मेल्या, माझ्या मेल्या नाहीत." तिने घास ताटात ठेवून दिला. "ज्या कशानेच मरत नाहीत, त्या मला काय सांगणार?"

माझी ट्यूब जरा उशिरा पेटते. पण पेटली तेव्हा भडकाच उडाला. मी पाटावरून उठलोच. "म्हणजे इतकी वर्षं तू काय केलंस? माझी पोर रोज त्या पाण्यात असते, आत्या! तुझी पाटी बघून असते!" बायकोने माझा हात धरला. मासोळी एकदा माझ्याकडे, एकदा आत्याकडे बघत होती. आत्याने ताट बाजूला सारलं आणि उठून आत गेली. मी बोललो ते खरं होतं, म्हणूनच ते इतकं झोंबलं असणार.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली. मीही मागोमाग गेलो, कारण मला कुणावर तरी ओरडायचंच होतं. आताचे साहेब तरुण आहेत, चष्म्याआडून हळू बोलणारे. त्यांनी आत्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाले, "आज पोहणं बंद करू. कागदपत्रं नंतर बघू." माझा अर्धा राग तिथेच बसला. मग ते म्हणाले, "पण एक अडचण आहे. बाहेरच्या पिसवा आणून तपासलं, त्या मेल्या, तर कारखाना म्हणेल परक्यांना आमचं पाणी मानवलं नाही. आणि तुमच्या पिसवा मुळातच दांडग्या असतील तर? या तलावाची जातच तशी असेल तर? तलाव स्वच्छ होता तेव्हाच्या पिसवा मिळाल्या असत्या, तर दूध का दूध, पानी का पानी झालं असतं."

"तेव्हाच्या कुठून आणायच्या?" मी म्हणालो. "स्वर्गातून?"

आत्या आणि साहेब, दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग साहेब म्हणाले, "खालून."

तेव्हा मला जे कळलं, त्यावर माझा आजही पुरता विश्वास बसत नाही. दिवस वाईट आले, थंडी पडली, खायचं संपलं, की या पिसवा आपली रीत बदलतात. तेव्हा नर जन्मतात. तेव्हाची अंडी आई पाठीवर एका काळ्या डबीत बांधते, डबीचा आकार थेट खोगिरासारखा. मग ते खोगीर गळून पडतं, तलावाच्या तळाला जातं आणि चिखलात झोपतं. बरीचशी पुढच्या वर्षी उबतात. काही गाडली जातात, वरून नवा गाळ बसतो, त्यावर आणखी एका वर्षाचा. अंडी मरत नाहीत. वाट बघतात.

मी तलावावर जन्म काढला. पण तळ म्हणजे माझ्या लेखी गाळ, नांगर अडकायची जागा, शिव्या घालायची जागा. आणि तिथे वर्षांवर वर्षं रचून ठेवलेली होती!

चिखल काढायचं यंत्र मी शेडमध्येच जमवलं. जाड पारदर्शक पाइप, भोवती शिशाची वजनं, वरच्या तोंडाला रबराची झडप, म्हणजे खाली जाताना उघडी आणि वर ओढताना बंद. पहिल्यांदा सोडलं तर पाइप आडवा झाला. दुसऱ्यांदा वर आला तो रिकामा, आतला चिखल अर्ध्या वाटेत घसरला. मी झडपेच्या सात पिढ्या उद्धारल्या. आत्या होडीत माझ्यासमोर बसून म्हणाली, "तुझ्या जिभेला अशी झडप असती तर बरं झालं असतं." त्या जेवणानंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या खेपेला पाइप सरळ गेला.

वर आला तसे आम्ही दोघं त्यावर वाकलो. पाइपात तलावाची सगळी वर्षं उभी होती. वरचा भाग काळा, तेलकट, इंजिनातून काढलेल्या ऑइलसारखा, वासाने डोकं उठलं. त्यातही बारीक रेघा, एक गडद एक फिकी, दर वर्षाची एक जोडी. आणि खाली, पार खाली, काळं एकदम संपून मऊ तपकिरी चिखल सुरू होत होता. स्वच्छ. त्याला मातीचाच वास.

"हे कारखान्याच्या आधीचं," आत्याने बोट ठेवलं. "इथे मी नुकती जन्मलेय. आणि याच्या खाली मी नाहीच."

तो खालचा चिखल तिने बारीक चाळणीतून धुतला. खोगिरं निघाली, पण बहुतेक पोकळ. जी भरलेली वाटली ती तिने थंड, निवळ पाण्यात घालून खिडकीपाशी उजेडात ठेवली. आणि मग बसून राहायचं. मी रोज काम सोडून चक्कर मारायचो. काही नाही. साहेब चहाचा कप घेऊन यायचे, बघायचे, मान हलवून जायचे. काही नाही. माझ्या मनात आलं, मेलेल्याला कोण जागं करतंय! पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची हिंमत झाली नाही.

मग एका दुपारी शेडमध्ये फोन आला. एकच शब्द. "ये."

मी ग्रीसच्या हातांनीच धावलो. आत्याने मायक्रोस्कोपसमोरून उठून मला बसवलं. एक अंडं टरारून फुगलं होतं आणि त्यात एक काळा ठिपका होता. "डोळा," आत्या कानाशी कुजबुजली. "हिला एकच असतो." मी बघत असतानाच ते कवच हललं, फाटलं, आणि काचेसारखा पारदर्शक जीव बाहेर पडला. थोडा वेळ तसाच. मग त्याने अंग झटकलं आणि टुणकन उडी मारली. पाठीत त्याचं काळीज धडधडताना दिसत होतं, आरपार दिसत होतं. साठ वर्षं चिखलाखाली दाबलेलं काळीज!

मी कधी कुठे हात जोडणारा माणूस नाही, पण तेव्हा ग्रीसचे हात आपोआप जुळले. आत्या रडत होती आणि हसतही होती. "माझ्यापेक्षा मोठी आहे रे ही," ती म्हणाली. "हिला ताई म्हणायला हवं."

ताईला आत्याने जीवापाड जपलं. ताईने पोरी काढल्या, पोरींनी पोरी काढल्या, सगळ्या हुबेहूब ताई. बरणी भरली. आता ते करायचं होतं ज्यासाठी तिला उठवलं. आत्याने धक्क्याजवळचं पाणी दोन पेल्यांत ओतलं. एकात लॅबमधल्या नेहमीच्या पिसवा, दुसऱ्यात ताईच्या पोरी. साहेब होते, मी होतो. आत्याने पेल्यांकडे पाठ केली आणि फळी पुसत बसली. पुसलेली फळीच पुन्हा पुसत होती.

दोन दिवसांनी नेहमीच्या पिसवा बागडत होत्या. ताईच्या पोरी तळाला पांढुरक्या पडून होत्या. एकही हलत नव्हती.

म्हणजे तलावाची जात दांडगी नव्हती. तलावाने ती दांडगी केली होती. नाजूक होत्या त्या मरून गेल्या, विष पचवणाऱ्या उरल्या, आणि जुन्या साहेबांनी त्या उरलेल्यांतलीच एक धरून तिला न्यायाधीश नेमलं होतं. साहेबांनी कारखान्याला नोटीस दिली. तिकडे खोदाखोद झाली, तेव्हा मोठ्या हौदाला खालून भेग सापडली. कधीची, ते कुणी सांगेना.

मासोळीला आम्ही डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता काळजीचं काही दिसत नाही, दर वर्षी दाखवत चला. त्या 'आत्ता'ने माझी झोप उडवली. सराव बंद, शर्यत हुकली, पोरगी खोलीचं दार लावून बसायची. आत्याशी तर बोलणंच टाकलं होतं तिने. आत्या दारापर्यंत जायची, उभी राहायची आणि परत यायची. माझा जीव तुटायचा, पण कुणाला काय सांगणार, मी स्वतःच घुश्शात.

धक्क्यावर आत्याला ज्याने त्याने एकच विचारलं. केव्हापासून? कुणी ओरडून विचारलं, एका म्हातारबुवांनी अगदी हळू विचारलं, त्यांची बायको रोज सकाळी त्याच पाण्यात पोहायची आणि आता ती नव्हती. आत्याने कुणाला थाप मारली नाही. "मला माहीत नाही," ती म्हणायची. "पण चिखलाला माहीत आहे. मी त्याला विचारतेय."

आणि खरंच विचारायला बसली. पाइप उभा चिरून फ्रीजमध्ये ठेवला होता. तपकिरी चिखलापासून ती एकेक रेघ वर चढू लागली. त्या त्या वर्षाची खोगिरं काढायची, उबवायची, पोरी वाढवायच्या, त्याच पाण्यात सोडायच्या. ज्या वर्षाच्या जगतील, त्या वर्षापर्यंत तलाव बिघडून गेलेला. तिचं वर्ष, ज्या वर्षी ती लॅबमध्ये लागली आणि पहिली पाटी लावली, ते यायला बराच वेळ लागला. ते आलं त्या दिवशी ती घरी आली, चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच आम्हाला सांगितलं.

"जगल्या. माझ्या पहिल्या वर्षाच्या पिसवा जगल्या. मी लागले तेव्हाच पाणी गेलेलं होतं. मी एकही पाटी खरी लावलेली नाही."

मी किती दिवस मनात बोलणी जुळवून ठेवली होती. एकही तोंडातून निघाली नाही. एवढंसं तोंड झालं होतं तिचं. आणि ती लपवू शकली असती, हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं. चिखलाची भाषा तिच्याशिवाय कुणाला येत होती?

आतल्या खोलीचं दार उघडलं. मासोळी बाहेर आली. "आत्याआजी," ती म्हणाली, किती तरी दिवसांनी. "त्या चिखलात माझं वर्ष पण आहे?"

"आहे."

"मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला लॅबमध्ये घेऊन गेलो. आत्याने पाइपचा अर्धा भाग टेबलावर ठेवला, वरून रेघा मोजत मोजत आली आणि एका ठिकाणी थांबली. नखाएवढी पट्टी. अर्धी गडद, अर्धी फिकी.

"हे?" मासोळी वाकली. "एवढंच?"

"एवढंच. पण त्यात सगळं आहे. त्या वर्षीचा पाऊस, त्या वर्षीचं शेवाळ, कारखान्यातून जे काही आलं ते. मी धक्क्यापाशी तुला पहिल्यांदा पाण्यात धरलं, तेव्हा उडालेला गाळसुद्धा."

पोरगी बराच वेळ ती पट्टी बघत होती. तिच्या श्वासाची वाफ पाइपाच्या काचेसारख्या कडेवर धरत होती. मग म्हणाली, "यातल्या पिसवा काढ ना."

आत्या मागे सरकली. "त्या नको. बाकीच्या सगळ्या काढीन. त्या राहू देत."

"का? भीती वाटते तुला?"

"हो," आत्या म्हणाली. "फार वाटते. त्याही जगतील म्हणून."

"मला पण," मासोळी म्हणाली आणि आत्याला चिकटून उभी राहिली. "तरी काढ."

आत्याने पातं पुसलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि माझ्या लेकीच्या वर्षाचा चिखल अलगद वेगळा काढला.